नजर देणारे पेंटरबुवा

तसबीर पुरी झाली की पेंटरबुवा गिऱ्हाइकाचा कोपर धरायचे आणि त्याला खोलीभर चालवायचे. खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून परत खिडकीपर्यंत. "फिरा अन् पाहा," एवढंच म्हणायचे. गिऱ्हाईक मान वळवून तसबिरीकडे बघत चालायचं, एखादं उंबऱ्याला ठेचकाळायचं, आणि मग हमखास म्हणायचं, "बाप्पा, बाबा माह्याकडंच पाहून राह्यले." बुवांचं काम तिथं संपायचं आणि माझं सुरू व्हायचं.

माझं म्हणजे काच, चौकट आणि खिळे. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या अलीकडे एका बोळात बुवांची खोली होती आणि तिला लागून माझं तसबिरी मढवायचं दुकान. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. कापसाला बरा भाव आला की लोकांना आपली गेलेली माणसं आठवायची. पिवळा पडलेला फोटो पंच्यात गुंडाळून आणायचे आणि बैठकीत टांगायला मोठी रंगीत तसबीर मागायचे. अट एकच, डोळे फिरले पाहिजेत. तुमच्याही घरी अशी एखादी असेल. लहानपणी तिच्यासमोरून जाताना तुम्हीही चोरून पाहिलं असेल, आजोबा अजून बघतात का म्हणून.

बाळापूरच्या एका अडत्याने आपल्या वडलांची तसबीर अशीच नेली. महिनाभरात त्याचा मुनीम आला, चेहरा पाडून. "मोठे मालक गेले तवा वाटलं, आता जरा पाय पसरून बसू," तो म्हणाला. "पन जिथं बसलो तिथं मालक पाहूनच राह्यले. कोपऱ्यात गेलो, तरी पाहते. थोडे डोये दुसरीकडं करून द्या नं बुवा."

मला हसू आवरेना. बुवा मात्र गंभीर. ते उठून मुनिमाच्या बाजूला जाऊन उभे राहिले. "इथून मले तुमचा कान दिसून राह्यला. खरं?"

"खरं."

"अन् तसबिरीच्या बाजूले गेलं तर तिचा कान दिसते काय? नाई. तेच समोरचे दोन डोये. कापड सपाट हाय, त्याले बाजूच नाई. म्हनून तुमाले वाटते मालक वळले. ते नाई वळले हो, तुमीच फिरून राह्यले."

मुनिमाने कळल्यासारखी मान हलवली आणि गेला. पुढे कानावर आलं की आता तो बरोबर तसबिरीखाली, भिंतीला पाठ लावून बसतो. शहाणा माणूस.

माझं आणि बुवांचं रोज वाजायचं ते पुठ्ठ्यावरून. चित्राच्या भोवतीने जो पुठ्ठा बसवतात, तो मी पांढरा लावायचो. बुवा म्हणायचे, काळा लाव. मी तोंडाचा फटकळ. म्हटलं, "बुवा, मेलेल्या माणसाला वर काळं कशाला? तुम्ही रंगवा, मढवायचं माझ्याकडे सोडा." त्यांनी माझी कात्री उचलली. राखाडी कागदाचे दोन तुकडे कापले. एक पांढऱ्या पुठ्ठ्यावर ठेवला, एक काळ्यावर.

"उजळ कोनता?"

"काळ्यावरचा. आंधळाही सांगेल."

त्यांनी दोन्ही उचलून माझ्या तळहातावर शेजारी शेजारी ठेवले. एकाच कागदाचे तुकडे ते, रंग तोच. मी हट्टाने परत दोन पुठ्ठ्यांवर ठेवले. परत काळ्यावरचा उजळ. डोळे चोळले, दारात उजेडाला नेले, अदलाबदल केली. मला राग यायला लागला, कारण मला आता ठाऊक होतं आणि तरी दिसत होतं ते वेगळंच.

"ठाऊक असून काई होत नाई लेका," बुवा म्हणाले. "डोया ऐकत नाई आपलं. रंग तोच राह्यते, शेजार बदलते."

त्या दिवसापासून मी काळा पुठ्ठा लावू लागलो. अंजनगाव सुर्जीच्या एक बाई तर मला दुवा देऊन गेल्या, सासऱ्यांना काय गोरं केलंत म्हणून. बुवांनी त्याबद्दल माझ्याकडून चहा उकळला.

एवढ्या लोकांच्या भिंतींवर बुवांनी डोळे लावले, पण त्यांच्या स्वतःच्या भिंतीवर एक कापड कितीतरी वर्षं बिनचौकटीचं लटकत होतं. त्यांच्या बायकोचं. लग्नानंतर थोड्याच वर्षांत ती तापाने गेली होती. चित्रात ती माजघराच्या दारात उभी आहे, हातात वाढायचं पातेलं, पदर पुढे ओढलेला आणि नजर खाली, एका बाजूला. मढवून देतो म्हटलं की बुवा म्हणायचे, "अजून व्हायची हाय."

एकदा मी न राहवून विचारलं, "बुवा, जगाच्या बापांना तुम्ही सरळ बघायला लावता. वहिनींनाच का नाही?"

ते ब्रश पुसत राहिले. मग म्हणाले, "सरळ पाह्यलंच नाई नं तिनं. घर मानसानं भरलेलं. माय समोर, बापू समोर, दोन काका. चार मानसात नवऱ्याकडं पाहायची सोय होती काय? वाढाले यायची तवा मी पाटावर, ती अशी उभी. मी मान वर केली की ती खाली पाहे. लोक मले फोटू आनून देते. माह्याजवळ काय हाय? जे पाह्यलं ते काढलं."

  त्यांनीच पुढे सांगितलं, की फार वर्षांमागे एकदा त्यांनी ते डोळे खरवडून सरळ काढले होते. "खोलीभर माह्यामागं फिरले ते डोये. पन बाई कोनती दुसरीच. टरपेंटाइननं पुसले अन् परत होते तसे केले."

नंतर मी एकदा काच घेऊन गेलो तर दार लोटलेलं होतं. बुवा खोलीत एकटेच चालत होते. खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत, मान चित्राकडे वळवलेली. गिऱ्हाइकाला चालवायचे तसं स्वतःला चालवत होते. मला पाहून थांबले आणि जरा ओशाळले.

"मले ठाऊक हाय नं," ते म्हणाले, "जी तसबीर बाजूले पाहते ती कुठूनबी बाजूलेच पाहते. कुठंबी उभा राह्य, तुह्याकडं नाई पाहनार. ठाऊक हाय. तरी पाय जाते."

मला फार वाईट वाटलं. काच तिथंच भिंतीला टेकवून मी निघून आलो.

मग त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला. आधी एकात, मग दुसऱ्यात. अमरावतीला जाऊन काढून घ्या म्हणून मी मागे लागलो. बुवा म्हणायचे, "जाईन. आधी एक काम हाय." बाहेरची कामं त्यांनी घेणं बंद केलं. सकाळी ऊन चांगलं वर आलं की खिडकी उघडून बसायचे आणि ऊन उतरलं की ब्रश धुऊन ठेवायचे. चित्रावर धोतर टाकलेलं असायचं. मी डोकावलो की म्हणायचे, "काहून आला? तुह्या दुकानात खिळे संपले काय?"

एके दिवशी त्यांनीच हाक मारली. "ये. मढव आता इले."

धोतर बाजूला केलं. बायकोच्या कापडाला त्यांनी उजव्या अंगाने दुसरं कापड शिवून जोडलं होतं. शिवण रंगाखाली गेली होती, पण माझ्या बोटाला लागली. नव्या भागात पाटावर एक माणूस जेवायला बसला होता, पुढे ताट, मान वर केलेली. बुवाच ते. तरुणपणचे नव्हेत. आत्ताचे, पांढऱ्या मिशांचे, डोळ्यांत थोडं धुकं असलेले. आणि ती त्यांच्याकडे बघत होती.

मी म्हटलं, "बुवा, शेवटी डोळे बदललेच की तुम्ही."

"हात नाई लावला. जवळून पाह्य."

मी नाक लावून पाहिलं. जुना रंग, त्यावरच्या जुन्या भेगा, सगळं होतं तसंच. तीच खाली झुकलेली नजर, जी इतकी वर्षं भिंतीच्या कडेला जाऊन पडत होती. आता तिथे कोणीतरी बसलं होतं. मागे सरलो आणि पुन्हा ती त्यांच्याकडे बघायला लागली. लाजून नाही, कोणाला भिऊन नाही. पोट भरलं का, असं विचारावं तशी.

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी थट्टा केली. "ती विशीतली अन् तुम्ही म्हातारे. लोक बाप-लेक म्हणतील."

"म्हनू दे. तिनं मले आताच पाह्यलं," बुवा म्हणाले. ते चित्राच्या इतके जवळ उभे होते की मिशीला रंग लागला असता. त्यापेक्षा लांबून त्यांना आता दिसत नव्हतं.

त्या दिवशी मात्र त्यांनी मला खोलीभर फिरवलं नाही. स्वतःही फिरले नाहीत.

अमरावतीला जायचं राहूनच गेलं. कपाशी फुटायच्या आत बुवा गेले. एक पुतण्या आला, ट्रंक आणि भांडी घेऊन गेला. चित्र माझ्याकडे मढवायला होतं, ते न्यायला कोणी आलं नाही. मी त्याला काळा पुठ्ठा लावला, घरात होती ती सगळ्यात चांगली काच बसवली आणि दुकानात टांगलं.

गिऱ्हाइकं विचारतात, हे दोघं कोण. मी त्यांचा कोपर धरतो आणि दारापासून खिडकीपर्यंत चालवतो. "फिरा अन् पाहा," म्हणतो. ती मान वळवून वळवून बघतात आणि सांगतात, "हे काई आपल्याकडं पाहत नाई बाप्पा."

नाही पाहणार, मी म्हणतो, आणि काच पुसायला घेतो.