उजव्या चाकाखालचे लिंबू

त्या वर्षी पावसाळा सरत आला तेव्हा आईच्या मूत्रपिंडांनी काम करणे जवळपास थांबवले होते. एक दिवसाआड तिला डायलिसिससाठी भिलाईहून रायपूरला न्यावे लागे. ज्या दिवशी तिला उठता येत नसे, त्या दिवशी देवापुढचा दिवा ती माझ्याकडून लावून घेई. मी तो लावत असे, एवढेच. डॉक्टरांनी सुधारणेबद्दल बोलणे सोडून दिले होते. जिने जन्मभर नेमाने हात जोडले तिच्याच वाट्याला हे आले, तर हात जोडण्याला काही अर्थ नाही, असे माझे मत झाले होते. तिच्यापुढे ते मी कधी बोललो नाही. मी दिवा लावताना ती माझ्या चेहऱ्याकडे बघत असे. तिला कळत असावे.

रायपूरच्या फेऱ्यांनी आमची जुनी गाडीही थकली. चाक खड्ड्यात गेले की पुढून ठक्क असा आवाज येई आणि वेग वाढला की स्टिअरिंग हातात थरथरे. बाबा भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये फिटर होते. निवृत्तीनंतर सेक्टर ६ मधले लीजवर घेतलेले क्वार्टर आणि स्वतःची अवजारे, एवढा त्यांचा संसार उरला होता. त्यांनी पुढची चाके एकेक करून दोन्ही हातांनी हलवून पाहिली आणि म्हणाले, "टाय रॉड एंड गेले. दोन्ही बाजूचे." टाय रॉड एंड म्हणजे स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा गोळीचा सांधा. तो वाटेत निसटला तर स्टिअरिंग फिरते, चाक मात्र मनाला येईल तिकडे जाते.

नवे सांधे आले, पण आईच्या फेऱ्यांमुळे काम राहत गेले. शेवटी विश्वकर्मा पूजेची सकाळ तेवढी मोकळी मिळाली. त्या दिवशी पूजेनंतर भिलाईत अवजार चालवत नाहीत. ते धुऊन, पुसून देवापुढे मांडतात, त्याला टिळा लावतात आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत कोणी त्याला काम सांगत नाही. बाबांनी हा नेम नोकरीत पाळला आणि नंतर घरीही. त्यामुळे पूजेच्या आधी काम उरकायचे ठरले. मदतीला देवांगन काका आले. ते आणि बाबा प्लांटच्या एकाच शॉपमध्ये, म्हणजे कार्यशाळेत, जोडीने काम केलेले. बाबा त्यांच्याशी मराठीत बोलत आणि ते छत्तीसगढीत उत्तर देत.

पोर्चमध्ये गाडी जॅकवर चढवली. बाबा डाव्या चाकाशी बसले, काका उजव्या. जुना सांधा काढताना तो किती फेऱ्यांनी सुटतो ते मोजायचे आणि नवा तितक्याच फेऱ्यांनी बसवायचा, म्हणजे चाकांची रेघ, अलाइनमेंट, फारशी बिघडत नाही. उजवीकडचा जुना सांधा सुटेना.

"पाना धरून राहिला का देवाले हार घालून राहिला, देवांगन? जोर लाव न," बाबा म्हणाले.

"जोर तो प्लांट ला दे आएंव, भाऊ. अब जो बचे हे, तेखरे ले चलावत हंव."

आत आई हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, म्हणून ते लक्षात राहिले.

त्या दोघांची शॉपमधली एक पद्धत होती. एकाने नट बसवायचा, शेवटचा ताण दुसऱ्याने द्यायचा आणि तो तपासायचा. म्हणजे प्रत्येक नटाला दोघांचे हात लागतात. काकांनी डावीकडचा नट ताणला, तो सुटू नये म्हणून वर पिन घातली. उजवीकडचा नट त्यांनी हाताने फिरवून बसवला आणि तो बाबांसाठी सोडला. तेवढ्यात आईने आतून मुहूर्ताची आठवण करून दिली. बाबांनी पाने गोळा केले, घासलेटमध्ये धुतले आणि लाल कापडावर मांडले. चाके काकांनी गाडीतल्याच पान्याने चढवली. मुहूर्ताच्या घाईत बाबा समजले, डावीकडच्यासारखाच उजवीकडचा नटही काकांनी ताणला. काका समजले, अवजारे उचलण्याआधी बाबांनी तो ताणून तपासला. पाने, जॅक, हातोडी, सगळ्यांना टिळे लागले. गाडीलाही लागला.

दुपारी आईला दम लागला. डायलिसिस दुसऱ्या दिवशी होते, पण पाणी छातीत चढले होते. तिला आडवे होता येईना आणि ओठ काळसर दिसू लागले. रायपूरहून फोनवर सांगितले, ताबडतोब आणा. इथली ॲम्ब्युलन्स दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेलेली होती आणि ओळखीच्या टॅक्सीवाल्याची गाडी पूजेला उभी होती. बाबा म्हणाले, गाडी तयार आहे, हळू नेऊ. काका शेजारच्याच गल्लीत राहत, तेही आले. आम्ही आईला उचलून मागच्या सीटवर बसवले.

मी गाडी सुरू करणार, तेवढ्यात ती म्हणाली, "लिंबू ठेव."

नवे काम केलेली गाडी पहिल्यांदा बाहेर काढताना पुढच्या चाकांखाली लिंबे ठेवतात आणि ती चिरडून गाडी पुढे नेतात. हे मला माहीत होते. तिचा श्वास मोजून येत होता आणि ती लिंबू मागत होती. मला राग आला.

"आई, वेळ कुठे आहे?"

"ठेवल्याबिगर नोको हालवू," ती म्हणाली. तेवढ्या शब्दांतही ती दोनदा थांबली.

मी आतून दोन लिंबे आणली. डावे बसले. उजवे पोर्चच्या उतारावरून घरंगळून गाडीखाली आत गेले. ते तसेच सोडून मी उठलो. आतून तिने विचारले, "ठेवलं का?" हो म्हणून निघता आले असते. का कोण जाणे, जमले नाही. मी जमिनीवर आडवा झालो, हात आत घातला आणि तोल सावरायला चाकामागचा दांडा धरला. दांडा हातात हलला. वर नट होता, पण बोटाने फिरत होता.

बाबा खाली वाकले. काकाही वाकले. मग काका हळू आवाजात म्हणाले, "एला तो मैं नइ कसे रहेंव, भाऊ. मैं समझेंव, तैं कस डारे होबे."

नट त्यांनी ताणलाच नव्हता, बाबांनी ताणला असेल असे ते समजले होते. बाबा आत गेले आणि देवापुढे उभे राहिले. मी दारातून पाहत होतो. हात पान्याकडे गेला आणि थांबला. "टिळा लागला न याले," ते म्हणाले. कोणाला उद्देशून, ते कळले नाही. गाडीचे दार उघडे होते. आईचा आवाज आला.

"उचला तुम्ही. पूजा झाली त्याची. आता त्याले काम करू द्या."

त्यांनी पाना कपाळाला लावला आणि आणला. चाक बाहेरच्या बाजूला वळवून त्यांनी नट ताणला, काकांनी तपासला, खोक्यात राहिलेली पिन घालून तिची टोके मुडपली. बाबांच्या बोटांना कुंकू आणि ग्रीस एकत्र लागले होते. मी लिंबू पुन्हा ठेवले. गाडी निघाली.

कुम्हारीच्या पुढे खारुन नदीचा पूल लागतो. दोन्ही बाजूंनी ट्रक चालले होते. आईचे डोके बाबांच्या खांद्यावर होते आणि मागून फक्त तिचा श्वास ऐकू येत होता. तो नट तसाच राहिला असता तर आम्ही कुठपर्यंत पोहोचलो असतो, हे मला सांगता येत नाही. पोर्च उताराचा होता आणि लिंबू गोल होते, याहून अधिक पुरावा माझ्याजवळ नाही. घडले ते असे घडले.

त्या संध्याकाळी तिच्या अंगातले पाणी काढले गेले आणि तिला श्वास घेता आला. ती बरी झाली नाही. थंडी सुरू झाल्यावर, सेक्टर ६ मध्येच, बाबा तिला पाणी पाजत असताना ती गेली. त्या दिवशी कुठलीही खूण आली नाही. कोणी अडवले नाही, कोणी सुचवले नाही. बाबांनी वाटी खाली ठेवली आणि बराच वेळ तिचा हात धरून बसले.

मधले आठवडे मात्र तिला मिळाले. त्यात तिने आपल्या धाकट्या बहिणीशी वर्षानुवर्षांचा अबोला मोडला, बाबांना भात कुकरमध्ये लावायला शिकवला आणि मला एकदा म्हणाली, "मागू नोको काही. देते तो. आपल्याले ओळखू येत नाही, एवढंच." मी तेव्हा ऐकून घेतले.

आम्ही तिचे बरे होणे मागत होतो. ते मिळाले नाही. मिळाला तो एक प्रवास, ज्यातून आम्ही सगळे परत आलो, आणि तो मागायचे आमच्यापैकी कोणाला सुचले नसते. आता संध्याकाळी दिवा मीच लावतो. हात जोडतो. काही मागत नाही.