भुऱ्याचं नरसाळं

ऑपरेशनचे टाके चाटू नयेत म्हणून डॉक्टरांनी आमच्या कुत्र्याच्या, भुऱ्याच्या गळ्यात प्लास्टिकचं मोठं नरसाळं बसवलं. पाणी प्यायला तो वाकला, की नरसाळ्याची कड लागून भांडंच पुढे सरकायचं.

"संध्याकाळपर्यंत प्यायला नाही, तर सलाइन लावावं लागेल गं," आई म्हणाली.

भुऱ्या भांड्याकडे बघत नुसता बसून राहिला. मग उठला, भांडं ढकलत भिंतीला टेकवलं आणि अख्खं नरसाळं त्यावर पालथं घातलं. आतून लपलप ऐकू आली.

विचार करायला शब्द लागतातच असं नाही, पण गप्प बसून राहायला वेळ मिळावा लागतो. वर्गात मला तो क्वचितच मिळाला; मी मनात उत्तर जुळवेपर्यंत बाई पुढच्या मुलीकडे वळलेल्या असायच्या.

"कुणावर गेलाय हा?" बाबा हसले.

"माझ्यावर," मी चक्क मोठ्यानं म्हणाले.