नंदूच्या कॅसेटमधला सेल

भूतखेत, संकेत, स्वप्नं... यातलं मी काहीच मानत नाही. घरातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावणारी बाई मी. त्यामुळे हे लिहिताना जरा अवघड वाटतंय.

मी रोह्याला राहते, माहेर पेणचं. गेल्या वर्षी तिथलं घर रिकामं केलं आणि आईला इकडे आणलं. सामानात धाकट्या भावाचा, नंदूचा, व्हिडिओ गेम निघाला. मामाने दुबईहून आणलेला, सोबत एकच कॅसेट. नंदू गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करायचा. ऐन तिशीत गेला. त्याच्या हातच्या मूर्ती दरवर्षी पाण्यात गेल्या, आणि मूर्तीवर कारागीर नाव घालत नाही. त्याने हौसेनं नाव लिहिलं ते त्या खेळात, अर्धा डाव सेव्ह करताना. "आये, बघ, टीव्हीत माझं नाव!" म्हणत तिला चुलीपासून ओढत आणायचा.

आईला ते नाव एकदा बघायचं होतं. दुसरं काही मागणं नव्हतं तिचं.

जुना टीव्ही जोडला. खेळ सुरू झाला, पण सेव्हच्या तिन्ही जागा रिकाम्या. त्या रात्री आई जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी पूल ओलांडून नदीपलीकडच्या अष्टमी गावात, रिपेअरवाल्याकडे. त्याने कॅसेट उघडली, आतला बटणाएवढा सेल मीटरवर तपासला. "संपलाय, ताई. सेव्ह याच्यावरच टिकतो. हा मेला की नाव पुसलं. नवा टाकतो, पण जुनं परत येणार नाय."

"तू टाक तर," आई म्हणाली. "हात लावायच्या आधीच नाय म्हणतोय, मोठा डॉक्टर!"

तो हसला. जुना सेल काढून नवा बसवला आणि कॅसेट दुकानातल्या मशीनला लावली.

पहिल्या जागेवर, इंग्रजी अक्षरांत — नंदू. शेवटची लेव्हल.

मी मोठ्याने वाचलं. "असं होत नाय..." रिपेअरवाला पुटपुटला. फोन माझ्या पर्समध्येच होता. फोटो काढायचं सुचलं नाही — मला! आईने स्क्रीनवर बोट ठेवलं.

"जेवलास का रे?"

घरी येऊन लावलं, तर तिन्ही जागा पुन्हा रिकाम्या. दुसऱ्या जागेवर स्वतः सेव्ह करून बघितलं. ते नीट राहतं. म्हणजे सेल चांगला आहे. रिपेअरवाल्याला फोन केला. "ताई, मी पण बघितलं, एवढंच सांगतो. पुढचं मला विचारू नका." जाणकारांना विचारलं, सगळे म्हणतात अशक्य. मलाही तेच वाटतं.

आई आता दर रविवारी विचारते, "लावून बघूया काय गो?" मी वायरी जोडते. नंतर माझी मुलं खेळत बसतात. त्यांना एकच नियम घातलाय — पहिल्या जागेवर काही सेव्ह करायचं नाही.