भाऊबीजेची सही

मुलुंडच्या रत्नप्रभाबाई वकील. जमिनीचा कागद हाती आला की त्या आधी पंचांग उघडत. कुंदाला ते खटके. मराठी घेऊन बी. ए. झालेली कुंदा सहा महिने त्यांच्याकडे नकला उतरवत होती. वकिली शिकावी की नाही, हे तिचं ठरत नव्हतं.

सत्तावन्नच्या जानेवारीत अनंतराव आले. आई पूर्वीच गेलेली. वडील गेल्या श्रावणात वारले. वडिलांनी स्वकमाईने घेतलेली जमीन एका सोसायटीला विकायची होती, आणि बाई सोसायटीच्या वकील. नव्या वारसा कायद्याने निम्मी जमीन बहिणीची. अनंतरावांनी तिच्या सहीचं हक्कसोडपत्र पुढे सरकवलं.

"सुनंदाने राजीखुशीने दिलंय. शुक्रवारी नोंदवून टाकू."

बाईंनी तारीख पाहिली, पंचांग चाळलं आणि गोड हसल्या. "नशीबवान आहात!"

कुंदाच्या मनात पाल चुकचुकली. बाई फितल्या की काय?

दुसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, "चांगली साडी नेस गं. कांजूरला सुनंदाकडे हळदीकुंकू आहे."

"आपल्याला बोलावलंय?"

"हळदीकुंकवाला आलेल्या बाईला कोण हाकलतं? पुरुष वकील बाहेर चहा पिऊन परततो. सही करणारी असते आत. आपल्याला आत जाता येतं, ते विसरू नकोस."

म्हणजे सुनंदाला पढवायला निघाल्या! कुंदा धुमसतच साडी नेसली.

बायका पांगल्यावर बाईंनी सुनंदाला स्वयंपाकघरात गाठलं. "भाऊबीजेला भाऊ आला होता?"

"हो, साडी घेऊन. ओवाळलं आणि लगेच सही करून दिली. बाबांच्या विम्याचे कागद होते."

पंचांगात पाहिलेली तारीख भाऊबीजेचीच होती. बाईंनी हक्कसोडपत्राची नक्कल तिच्या हाती दिली. सुनंदाने ती दोनदा वाचली.

"मी सोसायटीची वकील, तुझी नव्हे," बाई म्हणाल्या. "द्यायचं तर खुशाल दे, पण वाचून. नसेल द्यायचं, तर स्वतःचा वकील कर."

"दादाशी वाकडं आलं तर माझं माहेर संपलं हो."

बाई तिला धीरही देईनात. कुंदाला त्यांचा रागच आला.

शुक्रवारी नोंदणी कचेरीत साहेबांनी विचारलं, "सही तुमचीच? मजकूर मान्य?"

"हो म्हण की गं," अनंतराव पुटपुटले.

सुनंदाने पदर सावरला. "सही माझी. ओवाळून झाल्यावर केलेली, न वाचता. मजकूर मान्य नाही."

साहेबांनी कागद बाजूला ठेवला. अनंतराव बाईंवर उखडले, "घर फोडलंत आमचं!" बहिणीकडे न पाहता ते जिना उतरून गेले.

कुंदा थक्क होऊन उभीच होती. सुनंदा बाकावर बसली.

"येत्या भाऊबीजेला येईल का हो तो?"

"ठाऊक नाही गं," बाई म्हणाल्या आणि तिच्याशेजारी बसून राहिल्या.