चहाला गेलेले भाई

ताहेरा भांडली नाही, ही गोष्ट काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही.

आज संध्याकाळी मजीदभाईंनी तिला सांगितलं, सोमवारपासून काउंटरवर बसू नकोस, आतल्या टेबलावर बिलं कर. ती "ठीक आहे" म्हणाली. घरी आली, हात धुतले, दोन घास खाल्ले, ताट विसळून पालथं घातलं आणि आडवी झाली. माझी ही मुलगी एकतीस वर्षांची आहे. एवढ्या वर्षांत ती रिक्षावाल्यांशी भांडली, पॉलिटेक्निकच्या प्राचार्यांशी भांडली, माझ्याशी तर रोजच भांडते. आणि जिथं भांडायला हवं होतं तिथं म्हणे ठीक आहे!

आता पाऊण वाजलाय. ती भिंतीकडं तोंड करून पडली आहे. झोपलेली नाही, मला कळतं.

मजीदभाईंचं दुकान जाधववाडीच्या रस्त्याला आहे. हार्वेस्टरचे सुटे भाग तिथं मिळतात. गहू, सोयाबीन, मका कापून मळून देणारी ती मोठी यंत्रं सुगीच्या दिवसांत एक तास बंद पडली तरी मालकाचा जीव वर-खाली होतो, आणि मग ताहेराचा फोन वाजायला लागतो. नऊ वर्षं ती तिथं आहे. तिच्याबरोबर डिप्लोमा केलेल्या मुली एसी ऑफिसात बसतात. हिची नखं कायम काळी.

याला तिचे अब्बा कारणीभूत. चांदपाशा कन्नडच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते. इतर बाप मुलीला खाऊ आणतात, हे झिजलेलं बेअरिंग आणायचे आणि तिच्या हातावर ठेवून विचारायचे, "सांग, हे कशानं मेलं?" ते जाऊन सहा वर्षं झाली. तिच्या पलंगाखाली मोडक्या लोखंडाची तीन खोकी अजून आहेत. झाडू मारताना माझ्या पायाला लागतात. फेकून दे म्हटलं की म्हणते, "अम्मी, ते माझे धडे आहेत."

दुकानात तिचा एकच नियम, जुना पार्ट आणा, मग नवा न्या. लोक चिडतात. गोणीत गुंडाळून तेलकट लोखंड पन्नास किलोमीटरवरून कोण आणणार? पण ती झिजलेली बाजू अंगठ्यानं चाचपते आणि म्हणते, "हा पार्ट बदलून उपयोग नाही, याच्या शेजारचा वाकडा झालाय. तो बदला, हा अजून एक हंगाम जाईल." म्हणजे गिऱ्हाईक मोठी खरेदी करायला आलेलं, छोटी करून जातं. मजीदभाई कपाळाला हात लावतात. ज्यांना येणं जमत नाही त्यांना ती सांगते, फोन मशीनजवळ धरा. मग कानात बोट घालून आवाज ऐकत बसते. जेवताना, बसमध्ये, एकदा तर माझ्या मावसबहिणीच्या मुलीच्या निकाहात.

आणि तरीही फोनवरचा नवा माणूस पहिलं वाक्य हेच बोलतो, "भाईला द्या." दुकानात मजीदभाईंशिवाय दुसरे भाई नाहीत, आणि मजीदभाईंना हिशेबाशिवाय काही कळत नाही. म्हणून ताहेरानं ठरवून टाकलंय. "भाई चहाला गेलेत, तोवर मला सांगा." भाई येईपर्यंत काम झालेलं असतं. मागं कन्नडचा एक जण म्हणाला, "ताई, तुमचे भाई नऊ वर्षं चहाच पितेत का?" ही म्हणाली, "हौ. शुगर झाली, तरी ऐकत नाहीत."

हे सगळं मी हसत सांगतेय खरी, पण मला तिची सारखी भीती वाटत असते. मशीनच्या तोंडाला जो भाग बसतो, पीक कापून आत ओढणारा, त्याला हेडर म्हणतात. पिकाप्रमाणे तो वेगळा. मक्याच्या हेडरला पुढं टोकदार तोंडं असतात, ती दोन ओळींच्या मधे शिरतात आणि ओळ बरोबर खाचेत येते. ओळीतलं अंतर आणि तोंडांतलं अंतर जुळलं पाहिजे. म्हणून ताहेरा आधी शेतावर जाऊन स्वतः टेप लावायची आणि मगच हेडर द्यायची. मार्चमध्ये अशीच गेली आणि परतताना जीप बंद पडली. फोनची बॅटरी कुणाच्या तरी मशीनचा आवाज ऐकण्यात संपलेली. चार तास तिचा पत्ता नाही. त्या चार तासांत मी काय काय पाहिलं ते लिहिणार नाही. रात्री ती दारात उभी राहिली तेव्हा मी तिला जवळही घेतलं नाही. म्हटलं, "पुन्हा एकटी शेतावर गेलीस तर तुला माझी कसम आहे."

कसम तिनं पाळली. तीच माझी चूक.

सप्टेंबरात देवगाव रंगारीच्या फकिरानं मक्याचं हेडर मागितलं. देवगावच्या शाळेत मी अकरा वर्षं शिकवत होते, फकिरा माझा विद्यार्थी. आता पस्तिशीचा आहे, स्वतःचं हार्वेस्टर आहे, गावातल्या लोकांचंही काम घेतो. ताहेरा म्हणाली, "अम्मी, फक्त एक दिवस. कसम मागं घे."

मी म्हटलं, "जायचं काय कारण? फकिरा मला खोटं सांगणार नाही. मीच विचारते."

ती दुकानात असताना मी फोन लावला.

"फकिरा, तुझ्या मक्याच्या दोन ओळींत अंतर किती रे?"

"दोन फुटी हाय बाई. इकडं समदे दोन फुटीच लावत्यात."

"टेप लावलीस का?"

"टेप कशाला लागतीय? चार फुटावर ठिबकची नळी, एका नळीला दोन ओळी. चार भागिले दोन. भागाकार तुमीच शिकवला की बाई!"

मी किती हसले. मुलगा भागाकार विसरला नाही याचंच कौतुक वाटलं. ताहेराला कळवलं, दोन फूट, पक्कं. नळीचं काही मी तिला बोलले नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं मला वाटलंच नाही.

परवा हेडर शेतात उतरलं. अर्धा एकर कापला नसेल, तोच फकिरानं मशीन थांबवलं. झाडं खाचेत न येता टोकांवर आपटत होती, आडवी होत होती, कणसं मातीत पडत होती. बायका लावून ती वेचून घ्यावी लागली. बघायला आलेले लोक हसले असणार. फकिरानं मजीदभाईंना फोन केला, "तुमच्या पोरीनं चुकीचं हेडर माझ्या गळ्यात मारलं." ताहेरानं त्याला स्वतः फोन केला तर म्हणाला, "भाईला द्या." तिला नावानं ओळखणारा माणूस! त्यानंतर त्यानं तिचा फोन उचललाच नाही.

काल मी गवार निवडत बसले होते. ताहेरा समोर येऊन बसली. म्हटलं, "मला समजावून सांग. दोन फूट होतं, दोन फूटच दिलं. मग बिघडलं कुठं?"

तिनं माझ्या ताटातल्या शेंगा उचलून फरशीवर मांडल्या. "ही नळी. ही दुसरी नळी, चार फुटांवर. पाणी नळीजवळ पडतं, म्हणून मका नळीला चिकटून लावतात, अलीकडं एक ओळ, पलीकडं एक. या दोघींत जेमतेम एक फूट. पुढं मोकळी जागा, तीन फूट. मग परत एक फूट, परत तीन. भागाकार केला तर दोनच येतात, पण शेतात दोन फूट कुठंच नाहीत."

मग म्हणाली, "त्याला हे हेडर लागतच नव्हतं. मशीनबरोबर आलेला साधा कटर बार, सरळ पात्यांचा, चालला असता. थोडा उंच धरायचा, आतली जाळी बदलायची, मळणीचा ड्रम हळू फिरवायचा. आठ एकर अजून उभे आहेत, आजही होईल. पण सांगू कुणाला? नळी आहे एवढं कुणी सांगितलं असतं तरी मी ओळखलं असतं."

मी तिला सांगितलं नाही. निवडलेली गवार घेऊन आत गेले आणि विनाकारण दोनदा धुतली.

आज तिची जागा गेल्यावर मी मजीदभाईंना फोन केला. तिथंही खरं बोलायला जीभ रेटली नाही. एवढंच विचारलं, "भाई, नऊ वर्षांत एक चूक, आणि एवढी शिक्षा?"

"आपा, ती स्वतःच म्हणाली, माप न घेता दिलं, चूक माझी. मग मी काय बोलणार? कन्नडपर्यंत बोभाटा झालाय. काउंटरवर आता अन्सार बसेल."

"अन्सार? तो तर टायर विकायचा!"

"शिकेल. लोकांना माणूस दिसला की बरं वाटतं. हां, फकिरानं स्वतः फोन करून सांगितलं की मुलीची चूक नव्हती, तर सोमवारच्या आत बघू. पण तो कशाला सांगेल?"

म्हणजे तिनं माझं नाव घेतलंच नाही. माझी कसम, माझा फोन, सगळं गिळून ती "चूक माझी" म्हणून मोकळी झाली. मला तिचा राग येतोय. मजीदभाईंचा येतोय, फकिराचा येतोय. टेप न लावता केलेला भागाकार! आणि सगळ्यात जास्त राग या बाईचा येतोय, जिनं मुलांना आयुष्यभर शिकवलं की उत्तर बरोबर आलं तरी उदाहरण पुन्हा वाचून बघा.

हे लिहिता लिहिता मी उठून तिच्या उशाशी गेले होते. म्हटलं, "ताहेरा, नळीचं फकिरानं मला सांगितलं होतं. मी तुला कळवलं नाही."

तिनं पांघरूण पायानं लोटलं. मग भिंतीकडं बघतच म्हणाली, "अम्मी, तू आणि तुझी कसम!" आवाज चांगला चढलेला होता. मला बरं वाटलं.

"कसम मागं घेतली," मी म्हटलं. "उद्या देवगावला जा."

"तो मला शेतात पाय ठेवू देईल?"

मी परत येऊन लिहायला बसले. याचं उत्तर आता सापडलंय. देवगावला शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री असते, हे फकिरानंच मला त्या फोनवर सांगितलं होतं; मोजलं तर हा आठवडा रात्रीचा. म्हणजे या वेळी तो मोटर चालू करून आद्रकाला पाणी देत शेतातच उभा असणार. ताहेराचा फोन तो उचलणार नाही. बाईंचा उचलेल.

त्याला सांगणार आहे, की चूक बाईंची होती आणि तुझ्या भागाकाराची होती, माझ्या मुलीची नव्हती, आणि हे तू मजीदभाईंना उद्या सांगायचं आहेस. सकाळच्या पहिल्या गाडीनं ताहेरा येतेय. टेप ती आणेल, तू फक्त टोक धर. आणि ती मशीनला हात लावेल तेव्हा भाई कुठंयत असं विचारू नकोस. भाई कुणीच नाहीत. कधीच नव्हते.

ताहेराची चुळबुळ थांबली आहे, बहुधा ऐकते आहे. चष्मा लावून मी नंबर काढलाय. लावते.