चमच्याला कंगवा

बातमीत मी वर्षानुवर्षं 'प्रकृती स्थिर' असं लिहीत आलो. त्याचा अर्थ कोणी विचारला नव्हता. आठ वर्षांच्या भाचीला तापात, झटके येत असताना धानोऱ्याकडच्या गावातून गडचिरोलीच्या दवाखान्यात आणलं, तेव्हा तिसऱ्या दिवशी मी बहिणीला तेच दोन शब्द सांगितले.

"थे त मलेबी दिसून राह्यलं," ती म्हणाली. "हालतच नाई पोट्टी."

निदान मेंदूज्वराचं होतं, विषाणूमुळे झालेल्या. डॉक्टर साताऱ्याकडच्या, नव्यानं रुजू झालेल्या आणि सरळ बोलणाऱ्या. या विषाणूला मारणारं औषध नाही, असं त्यांनी सांगितलं. झटके थांबवायचे, ताप उतरवायचा, मेंदूची सूज वाढू द्यायची नाही. बाकी काम शरीराचं. काही मुलं जातात. काही पूर्ण बरी होतात. काही घरी जातात, पण चालणं, बोलणं, आठवण यातलं काहीतरी हरवून.

आठव्या दिवशी तिनं डोळे उघडले. आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले. बहीण म्हणाली, "तुले पाहून पयलेबी असंच करे."

आणखी चार दिवसांनी डॉक्टर चित्रांचे पत्ते घेऊन आल्या. आधी पाय तपासले.

"बाळ, गुडघा वाकव."

भाची छताकडे पाहत राहिली. डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं आणि कागदावर काही लिहिलं.

"काय लिहून राह्यल्या, म्याडम?" बहिणीनं विचारलं.

"सूचना समजत नाहीत."

"टोंगळा म्हणा न! ए पोट्टे, टोंगळा वाकव."

उजवा लगेच वाकला. डावा सावकाश, पण वाकला. डॉक्टरांनी लिहिलेलं खोडलं.

पहिल्या पत्त्यावर कोथिंबिरीची जुडी होती. भाची म्हणाली, "सांबार." डॉक्टरांचा चेहरा उतरला, त्यांच्याकडे सांबार इडलीबरोबर येतं.

"सांबारच होय थे," बहीण म्हणाली. "तुमच्याकडे काय म्हणते?"

"कोथिंबीर."

"एवढुशा पाल्याले एवढं मोठं नाव?"

दुसरा पत्ता टोमॅटोचा. भाची म्हणाली, "भेदरं." डॉक्टरांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "घाबरू नकोस, बाळ. कोणी रागावणार नाही." शेजारच्या खाटांवरच्या बाया हसल्या. टोमॅटोला इकडे भेदरं म्हणतात, हे त्यांनी एकाच वेळी सांगितलं. डॉक्टरांनी कागदावर उभी रेघ मारली आणि नवा रकाना केला: स्थानिक शब्द. यापुढे प्रत्येक उत्तरानंतर त्या बहिणीकडे पाहत. बहीण मान हलवी. बाया म्हणत, "बराबर हाय."

मग चमचा आला.

"कंगवा," भाची म्हणाली.

डॉक्टरांनी बहिणीकडे पाहिलं. बहिणीनं मान हलवली. "आमच्याकडे असंच म्हणते."

बायांना अचानक आपापल्या चादरी नीट करायच्या होत्या. डॉक्टरांनी नव्या रकान्यात लिहिलं. पुढचा पत्ता कुलपाचा. भाची म्हणाली, "पायरी."

"हेही?"

"हेबी," बहीण म्हणाली.

मी त्याच बहिणीबरोबर एका घरात वाढलो. आमच्या घरी चमचे होते, दाराला कुलूप होतं. कागद तसाच राहिला असता तर पोरीचं बोलणं ठीक ठरलं असतं आणि ते परत आणायचं आहे, हे कोणाला कळलं नसतं. बाहेरच्या व्हरांड्यात मी डॉक्टरांना सांगितलं की शेवटचे दोन शब्द कुठल्याच तालुक्यातले नाहीत.

"मग त्या असं का म्हणाल्या?"

"पोरगी नापास होईल म्हणून."

"यात नापास कोणी होत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "काय शिकवायचं, ते यातून कळतं." घरी सोडताना झटक्यांची गोळी, पायाचे व्यायाम, दर महिन्याची तपासणी आणि एक गृहपाठ दिला: वस्तू दाखवायची, तिचं खरं नाव घ्यायचं, मुलीकडून वदवून घ्यायचं.

"तू मामा हायेस का पेपरवाला?" बहीण म्हणाली. मी व्हरांड्यात बोललो ते तिला कळलं होतं; दवाखान्यातले उरलेले दोन दिवस माझा डबा तिनं भाऊजींच्या हातून दिला.

गृहपाठ तिनं केला नाही. पोरीला शरम वाटू नये म्हणून घरात सगळ्यांनी चमच्याला कंगवा म्हणायचं, असा तिचा हुकूम होता. मी डॉक्टरांच्या सूचनेची आठवण करून दिली. "छापून टाक मंग," ती म्हणाली. भाऊजी चार महिने न हसता वरणात कंगवा घालत होते.

एका दुपारी मी त्यांच्याकडे जेवायला बसलो होतो. भाऊजी म्हणाले, "कंगवा आण व, पोरी."

भाची उठली. डावा पाय अजून थोडा ओढत होता. आत गेली, केस विंचरायचा कंगवा घेऊन आली आणि भाऊजींच्या वरणात उभा केला.

"बाबा, चमचा पाह्यजे त चमचा म्हणा लागते न. येडे झाले काय?"

भाऊजी कंगव्याकडे पाहत राहिले. बहिणीची पोळी तव्यावर करपली. मग तिनं दाराच्या कडीला लटकणाऱ्या कुलपाकडे बोट केलं. "अन् थे काय हाय व?"

"पायरी."

बहिणीनं या वेळी मान हलवली नाही. "कुलूप," ती म्हणाली. "म्हण. कु-लू-प."

"कुलूप," भाची वैतागून म्हणाली. "थेच त म्हटलं मी."