देवापुढचा केक

मंडळी, आज भाचीच्या लग्नाच्या केकसाठी वर्ध्यात चार दुकानं पालथी घातली. पाय गेले. लग्न घरच्यांपुरतंच, तरी परवडेल असा बिनअंड्याचा केक मिळेना.

पंच्याऐंशीच्या सुमारास ताईच्या लग्नाचा केकही मीच आणला होता. बिनअंड्याचा महाग, म्हणून अंड्याचा घेतला आणि गप्प बसले. आईने तो थेट देवापुढे नैवेद्य म्हणून ठेवला! मग सगळ्यांना प्रसाद वाटला. तेव्हापासून ते मनाला टोचतंय.

आज दमून घरी आले, तर म्हातारी आई म्हणाली, "काऊन वं, नाई भेटला? अंड्याचाच आनजो, सस्ता पडते. मागं देवाले चालला होता नं!"

इतकी वर्षं कळू दिलं नाही हो तिने. तुमच्या आया काय काय पोटात ठेवून आहेत?